इतिहासाची शिकवणी मोबाईलवर : व्यापारी-कारागिरांनीही लक्ष घालावे

मार्च २०१९ मध्ये स्वारगेटला मेट्रोच्या कामासाठी खोदकाम चालू असताना जमिनीखाली एक जुना बोगदा सापडला. बातमी बाहेर पडताच हे पेशवेकालीन भुयार असावे, अशी चर्चा सुरू झाली. पाहणी करणाऱ्या जाणकारांनी मात्र तो पाणी वाहून नेण्याचा जुना मार्ग असल्याचे सांगितले. मेट्रोचे काम पुढे गेले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत भुयारी मेट्रो धावू लागली.

या लहानशा घटनेतून दोन गोष्टी ध्यानात येतात. एक म्हणजे, इतिहास केवळ पुस्तकात नसतो; आपण रोज जिथे दुकानाचे शटर उघडतो, त्या जमिनीखालीही तो असतो. दुसरी म्हणजे, कानावर आलेली पहिली बातमी पारखून घेतल्याशिवाय खरी मानता येत नाही. आज इतिहास, राज्यशास्त्र आणि भूगोल शिकण्यासाठी संकेतस्थळे, ॲप आणि चित्रफिती यांचा मोठा साठा उपलब्ध आहे. त्यातील उत्तम साहित्यापैकी पुष्कळसे मोफत आहे. परंतु आपल्या समाजातील किती पालकांना त्याची माहिती आहे?

स्वारगेटच्या आसपास घोरपडे पेठ, गंज पेठ, मोमीनपुरा, भवानी पेठ, टिंबर मार्केट आणि पुढे गुलटेकडीच्या मार्केट यार्डापर्यंत आपले सुतार, गॅरेजवाले, फळविक्रेते, भंगारवाले, शिंपी आणि छोटे दुकानदार पसरलेले आहेत. सकाळी घर सोडून रात्री दहाला परतणाऱ्या बापाला मुलाच्या वह्या पाहायला सवड नसते. गणित आणि विज्ञानासाठी तो पोटाला चिमटा काढून क्लास लावतो. इतिहासाबाबत मात्र 'पाठ कर आणि पास हो' एवढेच सांगतो. 'सनावळ्या पाठ करून धंद्यात काय उपयोग?' असेही विचारले जाते.

व्यापाऱ्याने नफा-तोट्याचा प्रश्न विचारणे रास्तच आहे. तेव्हा उत्तरही हिशेबानेच देऊ या.

शंभर गुणांचा हिशेब

राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत सामाजिक शास्त्रांना १०० गुण आहेत. इतिहास व राज्यशास्त्राचे ४०, भूगोलाचे ४० आणि अंतर्गत मूल्यमापनाचे २०. गणितालाही १०० गुणच आहेत. गणितासाठी हजारो रुपये फी भरणारा पालक तेवढ्याच गुणांच्या या विषयासाठी काहीच करीत नाही, हा हिशेब कोणत्या वहीत बसतो?

शिवाय हा विषय आता केवळ लढाया आणि तहांचा राहिलेला नाही. २०१८ मध्ये आलेल्या दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात 'उपयोजित इतिहास' नावाचे प्रकरण आहे. प्रसारमाध्यमे, मनोरंजन, खेळ, पर्यटन आणि ऐतिहासिक ठेव्यांचे जतन यांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. इतिहासाच्या जाणकारीवर कोणकोणते व्यवसाय उभे राहतात, हेच त्यांतून मुलांना सांगितले आहे. जुन्या लाकडी वाड्यांची दुरुस्ती करणारा सुतार आणि किल्ल्यांच्या सहली नेणारा गाडीमालक या दोघांनाही ही प्रकरणे परकी वाटणार नाहीत.

पाठ्यपुस्तक घरबसल्या, तेही मोफत

पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्या बालभारती या संस्थेची स्थापना २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यातच झाली. तिची कचेरी सेनापती बापट मार्गावर आहे. बालभारतीची पुस्तके ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात. मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी आदी माध्यमांत तीच पुस्तके मिळतात.

आपल्या समाजासाठी ही सोय विशेष मोलाची आहे. पुष्कळ घरांत मुलगा उर्दू माध्यमात आणि वडील मराठी शाळेत शिकलेले, किंवा नेमके उलट, अशी स्थिती असते. मुलाचा धडा वडिलांना वाचता येत नाही म्हणून अभ्यासाचे बोलणेच होत नाही. आता एकाच इयत्तेचे इतिहासाचे पुस्तक दोन्ही माध्यमांत उतरवून घ्यावे. मुलाने उर्दूतून धडा वाचावा, वडिलांनी मराठीतून तोच धडा पाहून प्रश्न विचारावेत. क्लासची फी न भरता झालेली ही शिकवणीच आहे.

याच संस्थेचे 'किशोर' हे मासिक १९७१ पासून निघते. त्याचे जुने अंकही संकेतस्थळावर वाचता येतात. लहान मुलांना वाचनाची गोडी लावण्यासाठी हा साठा उपयोगी आहे.

सप्टेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने 'दीक्षा' ही सेवा सुरू केली. पाठ्यपुस्तकात छापलेला क्यूआर कोड दीक्षा ॲपने टिपला की त्या धड्याशी निगडित चित्रफीत, सराव प्रश्न किंवा इतर साहित्य उघडते. दुकानात पैसे घेण्यासाठी क्यूआर कोड लावणाऱ्या व्यापाऱ्याला त्याची ओळख करून देण्याची गरज नाही. गल्ल्याशेजारी चिकटवलेला चौकोन आणि मुलाच्या पुस्तकातला चौकोन एकाच जातीचे आहेत.

परितेवाडीचा धडा

पुस्तकावर क्यूआर कोड छापण्याची कल्पना मोठ्या शहरातल्या महागड्या शाळेतून पुढे आली नाही. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी ती आपल्या वर्गात प्रथम राबवली. पुढे राज्याने ती स्वीकारली. डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ हा दहा लाख डॉलरचा जागतिक पुरस्कार मिळाला. त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

सामाजिक शास्त्राच्या दृष्टीने त्यांचे दुसरे काम अधिक महत्त्वाचे म्हणावे लागेल. भारत-पाकिस्तान, इस्राएल-पॅलेस्टाईन अशा ताण असलेल्या देशांतील विद्यार्थ्यांची त्यांनी इंटरनेटद्वारे एकमेकांशी गाठ घालून दिली. ज्याच्याविषयी फक्त ऐकले होते, तो मुलगा पडद्यावर समोर बसून आपल्यासारखाच अभ्यासाची तक्रार करतो, हे पाहिले की मनातले अर्धे गैरसमज गळून पडतात. साधन तेच, मोबाईल आणि संगणक. त्याने मने जोडायची की तोडायची, हे वापरणाऱ्याच्या हाती आहे.

नकाशा हातात, गाव डोळ्यांसमोर

भूगोलासाठी गुगल अर्थ आणि भारतीय अंतराळ संस्थेचे 'भुवन' ही दोन साधने पुरेशी आहेत. भुवन २००९ पासून चालू आहे. उपग्रहाने टिपलेली जमीन, नद्या, धरणे आणि रस्ते त्यावर पाहता येतात. गुगल अर्थवर त्याच जागेची जुन्या वर्षांची छायाचित्रेही दिसतात. आपला मोहल्ला वीस वर्षांपूर्वी कसा होता आणि आज कसा आहे, हे मुलाने स्वतः पाहिले की नागरीकरणाचा धडा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

एक सोपा प्रकल्प सुचवावासा वाटतो. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून पुण्यात पाणी आणण्यासाठी जमिनीखालून नळ बांधला गेला. मुलाला उपग्रहाच्या नकाशावर कात्रजचा तलाव आणि शनिवारवाडा शोधायला सांगावे. पाणी उतारानेच वाहणार, तेव्हा मार्ग कसा असेल, हे त्याने स्वतः काढून पाहावे. मग माहितीशी ताडून पाहावे. यात इतिहास, भूगोल आणि थोडे गणितही येते. गवंडीकाम व प्लंबिंग करणाऱ्या बापाला या प्रकल्पात मुलापेक्षा अधिक कळेल, आणि मुलाला त्याचा अभिमान वाटेल.

आपल्या हुनराची नोंद

आता कारागिरांच्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे वळू. आपल्या समाजाचा इतिहास म्हणजे सुलतान आणि बादशहा, असा समज आपणही करून घेतला आहे आणि इतरांनीही. प्रत्यक्षात दख्खनमधील बहुसंख्य मुसलमान हे विणकर, पिंजारी, कागदी, शिकलगार, आतार, तांबोळी, बागवान अशा कसबी आणि व्यापारी जमातींचे आहेत. त्यांच्या नोंदी आहेत, फक्त आपण त्या उघडून पाहिल्या नाहीत.

इंग्रजांच्या काळात, १८८५ मध्ये, पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर तीन भागांत प्रसिद्ध झाले. महाराष्ट्र शासनाच्या गॅझेटियर विभागाने जुनी गॅझेटियर संगणकावर आणली असून ती संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. त्यात पुण्यातील तांब्या-पितळेची भांडी, रेशीम विणकाम, सोन्या-चांदीची जर, काचेच्या बांगड्या, हस्तिदंती फण्या या धंद्यांबरोबर मुसलमान कागदींचा हातकागद आणि पिंजाऱ्यांचे लोकरी बुरणूस यांचीही माहिती आहे. कच्चा माल कुठून येई आणि माल कसा तयार होई, असे धंद्याच्या नजरेने पाहण्याजोगे तपशील त्यात सापडतात. कसब्यातला कागदीपुरा आणि गंज पेठेजवळचा मोमीनपुरा ही नावे काय सांगतात, हे मुलाला विचारून पाहावे. मोमीन म्हणजे विणकर जमात. हे ठाऊक नसेल तर मुलगा रोज त्या नावाच्या पाटीखालून जाईल आणि तिचा अर्थ त्याला कधीच कळणार नाही.

गॅझेटियर वाचताना एक सावधगिरी बाळगावी. ते राज्यकर्त्या इंग्रजांनी लिहवून घेतले आहे. निरनिराळ्या जातीजमातींच्या स्वभावाविषयी त्यात सरसकट शेरे मारले आहेत. आकडे आणि धंद्याचे वर्णन घ्यावे, शेरे बाजूला ठेवावेत.

गॅझेटियरखेरीज इतर साठेही आहेत. वाईला तयार झालेल्या मराठी विश्वकोशाचे खंड संकेतस्थळावर खुले आहेत. आयआयटी खरगपूरने चालवलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आणि केंद्राचे भारतीय संस्कृती पोर्टल यांवर दुर्मीळ पुस्तके व चित्रे मिळतात. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे 'अभिलेख पटल' जुने सरकारी कागद दाखवते. उर्दू वाचणाऱ्यांसाठी 'रेख्ता'वर छापील उर्दू पुस्तकांचा मोठा संग्रह आहे.

जुना कागद, आजचा भाव

'हे सारे ठीक, पण पैसा कुठे आहे?' असे कोणी म्हणेल. पैसाही आहे.

भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ मध्ये झाला आणि सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. एखादी वस्तू विशिष्ट प्रदेशाची म्हणून ओळखली जात असेल तर तिला हे मानांकन मिळते आणि ते नाव बाहेरच्यांना लावता येत नाही. त्यासाठी चेन्नईच्या नोंदणी कार्यालयाकडे अर्ज करताना वस्तूच्या उगमाचा पुरावा द्यावा लागतो. 'आमचे आजोबा हेच काम करीत' एवढे सांगून भागत नाही. जुनी गॅझेटियर, दरबारी कागद, प्रवाशांनी लिहिलेली वर्णने अशा कागदांचा येथे उपयोग होतो. म्हणजे इतिहास हा येथे थेट धंद्याचा दस्तऐवज ठरतो.

मिरजेचे उदाहरण आपल्या समाजाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब यांच्यापासून तेथील तंतुवाद्यांची परंपरा सांगितली जाते. शस्त्रांचे दिवस गेले तेव्हा त्या हातांनी सतार आणि तानपुरे घडवले. पिढ्यान् पिढ्या ते काम चालले आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

कोल्हापुरी चपलेचेही तसेच. महाराष्ट्र आणि कर्नाटकातील मिळून आठ जिल्ह्यांना तिचे मानांकन आहे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात त्याच धाटणीच्या चपला दाखवल्या, तेव्हा महाराष्ट्रातून हरकत घेतली गेली. या चपलांची प्रेरणा भारतीय हस्तकलेची आहे, हे कंपनीला मान्य करावे लागले. आपली वस्तू आपली आहे हे सांगण्यासाठी नोंद लागते, आणि नोंद वाचणारी, जपणारी पिढी लागते. ती पिढी आज सातवी-आठवीच्या वर्गात बसली आहे.

खोटे नाणे ओळखावे

मोबाईलवर इतिहासाच्या नावाखाली जे येते त्यात खोट्याचा भरणा फार आहे. त्याची किंमत कोण मोजतो, हे व्यापाऱ्याला सांगायला नको. जून २०२३ मध्ये काही मोबाईल स्टेटसवरून कोल्हापुरात तणाव निर्माण झाला. बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, पोलिसांनी लाठीमार केला, इंटरनेट सेवा थांबवावी लागली. शेकडो वर्षांपूर्वीच्या राजांवरून घातलेल्या या वादात रोजच्या कमाईवर पोट असणाऱ्यांची रोजी बुडाली. आपल्या घरातल्या पोराने पुढे ढकललेला एक निरोप बापाचे दुकान बंद पाडू शकतो.

पारख कशी करावी, याचे उत्तम उदाहरण स्वारगेटपासून हाकेच्या अंतरावर आहे. गंज पेठेत महात्मा फुले यांचा वाडा आहे. जोतीराव-सावित्रीबाईंना घर सोडावे लागले तेव्हा उस्मान शेख यांनी आसरा दिला आणि फातिमा शेख यांनी सावित्रीबाईंबरोबर अध्यापन केले, असे आपण अभिमानाने सांगतो. जानेवारी २०२२ मध्ये गुगलनेही फातिमा शेख यांचे चित्र झळकावले. पुढे जानेवारी २०२५ मध्ये एका नामवंत पत्रकाराने, हे पात्र आपणच कल्पनेतून निर्माण केले, असा दावा केला आणि देशभर गदारोळ झाला.

अशा वेळी रागावून काय उपयोग? कागद काढावा. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. ते पत्र महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केलेल्या सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयात छापले आहे. म्हणजे व्यक्ती कल्पित असल्याचा दावा टिकत नाही. परंतु ९ जानेवारी ही जी जन्मतारीख सर्वत्र फिरते, तिच्यासाठी त्या काळचा असा कागद पुढे आलेला नाही. विरोधकाचे खोटे जसे नाकारावे, तसे आपल्या आवडीचे पुराव्याविना असलेलेही बाजूला ठेवावे. हीच इतिहासाची खरी शिकवण होय.

बातमी आली तर आधी तिची शहानिशा करा, नाहीतर अजाणतेपणी कुणाचे नुकसान कराल आणि मग पस्तावाल, ही ताकीद कुरआनच्या सूरह अल-हुजुरातमध्ये आहेच. आणि व्यापाऱ्याला तर हे रोजचेच काम आहे. माल आला की तो बिलाशी ताडून पाहतो, मोठी नोट उजेडाकडे धरतो. तीच नजर मुलाला द्यावी. कोणी लिहिले, केव्हा लिहिले, मूळ कागद कुठे आहे, हे तीन प्रश्न त्याने प्रत्येक निरोपाला विचारावेत. हल्ली प्रश्न टाकताच उत्तर लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत. ती धडा सोपा करून सांगतात, पण कधी नसलेल्या पुस्तकाचे नावही बेधडक ठोकून देतात. त्यांनाही हेच तीन प्रश्न लागू आहेत.

काय करता येईल

१. ई-बालभारतीवरून मुलाच्या इयत्तेचे पुस्तक एकदाच उतरवून ठेवावे. मग रोज इंटरनेटचा खर्च नाही.

२. मोबाईल मुलाच्या हाती सोडून देऊ नये. रात्री दुकान बंद झाल्यावर अर्धा तास त्याच्याशेजारी बसून एक धडा पाहावा.

३. वर्षाची फी आगाऊ मागणाऱ्या किंवा हप्ते बांधून देणाऱ्या ॲपपासून सावध राहावे. बायजूजसारख्या बड्या कंपनीवर जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. सरकारी साहित्य मोफत असताना कर्ज काढून शिकवणी घेण्याचे कारण नाही.

४. मोहल्ल्यातील जमातखाना किंवा संस्थेच्या खोलीत एक मोठा पडदा व इंटरनेट जोडणी वर्गणीतून घ्यावी. ज्या घरांत एकच मोबाईल आहे, तेथील मुलामुलींची सोय होईल. मुलींसाठी वेगळी वेळ ठेवल्यास पालकही निर्धास्त राहतील.

५. मोबाईलवर पाहिलेले प्रत्यक्ष दाखवावे. फुले वाडा जवळ आहे. बाजीराव रस्त्यालगतच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, कोरीव दरवाजे अशा कारागिरांच्या हातच्या वस्तू मांडल्या आहेत. सुट्टीच्या दिवशी दोन तास पुरतात.

६. आपल्या धंद्यातील जुनी बिले, वह्या, हत्यारे, परवाने आणि दुकानाची छायाचित्रे रद्दीत घालू नयेत. मुलाकडून त्यांची छायाचित्रे काढून घ्यावीत. वडीलधाऱ्यांना बोलते करून त्यांचे शब्द मोबाईलवर ध्वनिमुद्रित करावेत. कोणती वस्तू कोण बनवी, माल कुठे जाई, भाव काय असे, हे सारे तारीख घालून लिहून ठेवावे.

ही शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. १८८५ मध्ये आपल्या हुनराची नोंद एका परक्या अधिकाऱ्याने केली, म्हणून आज ती वाचायला मिळते. त्यानंतरच्या शंभराहून अधिक वर्षांत किती कसबी हात आले आणि गेले, त्यांची नोंद आपण ठेवली नाही. आज ती ठेवण्याचे साधन प्रत्येकाच्या खिशात आहे आणि ते चालवणारा मुलगा किंवा मुलगी प्रत्येक घरात आहे. दुकानाचा हिशेब आपण पुढच्या पिढीच्या हाती सोपवतो. हुनराचा हिशेबही तिचीच अमानत आहे. तो चोख लिहून तिच्या हाती द्यावा.